बँकेची वास्तू आणि लोकांची पत



पूर्वी देवघेव पेढीच्या गादीवर होई. धनको तक्क्याशी टेकलेला, ऋणको खाली हात जोडून बसलेला. सांगलीत १९१६ साली सांगली बँक निघाली. साताऱ्यास अण्णासाहेब चिरमुले यांनी १९३६ साली युनायटेड वेस्टर्न बँक स्थापिली. मग रोखपालाच्या जाळीदार खिडकीपुढे शेतकरी, शिक्षक, व्यापारी एकाच रांगेत उभे राहिले. वास्तूच्या रचनेनेच हा समतेचा पाठ दिला, असे आम्हांस वाटते.

बँकेच्या जाड भिंती व पोलादी तिजोरी ठेवीदारास धीर देतात. परंतु पत भिंतींत नसते. १८६० नंतर मुंबईत एल्फिन्स्टन सर्कलभोवती, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलभोवती, कमानींच्या देखण्या दगडी इमारती उठल्या. त्याच सुमारास, १८४० साली स्थापन झालेली बँक ऑफ बाँबे कापसाच्या सट्ट्यात बुडून १८६८ साली बंद पडली. इमारती मात्र आजही उभ्या आहेत.

आपल्याकडेही तसेच झाले. २००६ साली साताऱ्याची बँक आयडीबीआय बँकेत आणि २००७ साली सांगलीची आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. पाट्या बदलल्या. राजवाडा चौकातील सांगली बँक आता केवळ वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात उरली आहे.

म्हणून आमची विनंती एवढीच, की घरोघरी पडलेली जुनी पासबुके, भागपत्रे, छायाचित्रे रद्दीत घालू नयेत; ती गावच्या वाचनालयाकडे सोपवावीत. आपल्या वाडवडिलांनी पै पै साठवून ही पत उभारली. तिचा इतिहास राखणे हे आपले कर्तव्य आहे.