बांधलंयस कुठे?

वरळी कोळीवाड्यातून बोलतोय. दिवसा कोडिंग, रात्री रणगाड्यांची मॉडेल्स. आजचा विषय: मॉडेलवर सामान कसं बांधायचं?

माझा पहिला रणगाडा १:३५ स्केलचा सेंच्युरियन. १९६५च्या युद्धात आपल्या सैन्याकडे होता तोच; खरा बघायचा तर अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम गाठा. मी मागे पिशव्या, ताडपत्री सगळं मस्त चिकटवलं आणि बाबांना दाखवलं. त्यांचं आयुष्य होडीवर गेलंय. म्हणाले, "पहिल्याच लाटेला जाईल हे. बांधलंयस कुठे?"

जाम लागलं. पण सकाळी त्यांच्यासोबत होडीवर गेलो आणि नीट बघितलं.

एक, दोरीची दोन्ही टोकं कशाला तरी बांधलेली असतात. हवेत संपणारी दोरी खोटी दिसते.

दोन, दोरी आवळते तिथे ताडपत्री दबते, बाजूला फुगते. म्हणून टिश्यू पेपर पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भिजवा आणि ओला असतानाच दोरा आवळा.

तीन, जाडी. २ मिलिमीटरची सुतळी वापरलीत तर खऱ्या मापात ती ७ सेंटिमीटरचा दोर होते, जहाज बांधायचा! गोधडीचा दोरा घ्या.

चार, जे पटकन लागणार ते वर, सुरगाठीने. बाकीच्याला निरगाठ.

परवा नवीन मॉडेल दाखवलं. बाबांनी नखाने दोरा ओढून पाहिला. "हां, राहील."

एवढंच बोलले. मला तेवढं पुरलं.

तुमच्या मॉडेलवरची एक दोरी आज ओढून बघा. भेटू पुढच्या भागात!