हापसा चालू ठेवणारी माणसं



आफ्रिकेतल्या खेड्यात स्वयंसेवकाचा दिवस कसा जातो, यावर बोला, असं संयोजकांनी मला सांगितलं. तो दिवस मी हापशापासून सुरू करणार आहे. कारण त्या हापशाचं मूळ तुमच्याच जालन्यात आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस बिडाचे हापसे खेड्यापाड्यांत वारंवार मोडून पडत होते, तेव्हा इथल्या चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने पोलादी हापसा घडवला. तो ‘जालना पंप’. त्यात सुधारणा होत सोलापूरचा पंप आला आणि सत्तरच्या दशकात, युनिसेफच्या साहाय्याने, ‘इंडिया मार्क टू’. पुढे हा हापसा आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत गेला. झांबियाच्या पूर्व भागात, कटेटे जिल्ह्यातल्या ज्या वस्तीवर मी स्वयंसेवक म्हणून राहत होते, तिथेही तोच उभा होता.

पहाटे उजाडायच्या आत अंगणं झाडल्याचा आवाज येतो. लगेच बायका-मुली २० लिटरचे कॅन आणि बादल्या घेऊन हापशावर. तिथे गेल्यावर कोणी थेट रांगेत उभं राहत नाही. आधी ‘मुली ब्वांजी’, म्हणजे कशा आहात. मग रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत. वडीलधाऱ्यांशी बोलताना गुडघे टेकून हलक्या टाळ्या वाजवायच्या. बाहेरून गेलेल्या माणसाला हे सगळं वेळखाऊ वाटतं. माझ्या मते तिथलं निम्मं काम याच वेळात होतं. कोणाचं मूल तापाने फणफणलंय, कोणाच्या घरचा मका संपत आलाय, हे मला कोणत्याही बैठकीच्या आधी रांगेत कळत असे.

दुपारचं जेवण म्हणजे न्शिमा: पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा. सोबत भोपळ्याचा किंवा रताळ्याचा पाला, शेंगदाण्याचं कूट घालून शिजवलेला. आपल्याकडच्या कोणालाही तो पहिल्या घासाला आवडेल. जेवणाआधी पाहुण्याच्या हातांवर पाणी घालतात. घरात पीठ थोडं उरलेलं असताना आपल्यासाठी न्शिमा रटरटतेय, हे दिसत असताना मांडी घालून बसणं फार कठीण असतं. पण नको म्हणणं हा अपमान. मी जेवत असे.

आता पाण्याचा रंग. भूजल आम्लधर्मी असलं की मार्क टूच्या जस्त चढवलेल्या लोखंडी नळ्या आतून गंजतात. रात्रभर नळीत थांबलेलं पाणी सकाळी तांबूस निघतं. चहा काळा पडतो, न्शिमावर छटा येते, धुतलेल्या कापडाला डाग पडतात. अशा वेळी बायका ओढ्याकाठच्या उघड्या झिऱ्याकडे वळतात. पाणी तिथे डोळ्यांना स्वच्छ दिसतं, आणि हगवण तिथूनच घरात येते. शहरातून आलेले अधिकारी याला अज्ञान म्हणतात. मला ते पटत नाही. शिजवलेल्या अन्नाचा रंग बिघडला तर तुम्ही-आम्हीही तेच करू. चूक नळ्यांची आहे. तिथे गंज न धरणाऱ्या नळ्या हव्यात, आणि त्या महाग पडतात.

दुरुस्तीचं काम करतो तो गावचाच एक शेतकरी, प्रशिक्षण घेतलेला. त्याला तिकडे ‘पंप मेंडर’ म्हणतात. सायकलला पाने बांधून तो गावोगाव फिरतो. मार्क टूच्या सिलिंडरमधलं वायसर झिजलं तरी तीन-तीन मीटरच्या सगळ्या नळ्या एकेक करून वर ओढाव्या लागतात. पाच-सहा गड्यांचं बळ लागतं. ‘मार्क थ्री’मध्ये नळी रुंद असल्याने नळ्या न काढता दट्ट्या वर घेता येतो, पण गावात जे बसवून गेलेत तेच चालवायचं असतं. हापसा मोडतोही बहुधा ऑक्टोबरच्या काहिलीत, कारण झिरे आटलेले असतात आणि अख्खी वस्ती एकाच दांड्यावर लोंबकळते.

पाणी समितीची खजिनदार एक विधवा बाई होती. दर घरामागे महिन्याला थोडे क्वाचा, म्हणजे तिथले पैसे, पेटीत जमवायचे, असा नियम. जानेवारी-फेब्रुवारीत शेतात मका उभा असतो आणि घरातली कणगी रिकामी. तेव्हा ती कोणाकडेही पैसे मागत नसे. वर त्याच पेटीतून एखाद्या घरी पिठापुरतं उसनंही देई. काही देणगीदार याला गैरव्यवहार म्हणतील. मला तो गावाचा शहाणपणा वाटला, पण वायसर आणायला पेटीत पैसे उरत नसत, हेही खरं.

वर्गणी महिन्याला न घेता कापणीनंतर मक्याच्या रूपात घ्यावी, हा तोडगा तिनेच बैठकीत मांडला. खूप वाद झाला. मका कुठे साठवायचा, घुशी-सोंड्यांपासून कोण राखणार, भाव चढल्यावर कोण विकणार. माझं काम एवढंच, की चिपाटा शहरातल्या दुकानांतून नळ्या, साखळी, बेअरिंग यांच्या किमती लिहून आणायच्या आणि झाडाखाली मोठ्याने वाचून दाखवायच्या.

ती खजिनदार, तो पाने घेऊन फिरणारा गडी, घरोघर जाऊन मच्छरदाण्या लावल्यात का हे पाहणाऱ्या आरोग्य समितीतल्या बाया, यांपैकी कोणालाही पगार नाही. माझं परतीचं तिकीट काढलेलं होतं, आणि स्वयंसेवक म्हणून प्रमाणपत्र मला मिळालं. त्यांचं शेत वाट पाहत असतं, आजारी मूल घरी असतं, तरी ती बैठकीला येतात. परदेशी स्वयंसेवेवर आपण खर्च करतो, त्यातला मोठा वाटा पंप मेंडरच्या मेहनतान्यावर आणि न गंजणाऱ्या नळ्यांवर जावा, अशी मागणी मी ज्या संस्थेला भेटते तिच्यापुढे ठेवते. आज ती तुमच्यापुढेही ठेवते आहे, कारण त्या हापशाशी तुमचं नातं माझ्यापेक्षा जुनं आहे.