मृत्यूच्या नोंदीआधीचे प्रश्न



एखादी विवाहित स्त्री घरातून नाहीशी होते. शेजाऱ्यांनी विचारले की 'माहेरी गेली आहे' असे सांगण्यात येते आणि माहेरच्यांनी विचारले की 'रागावून कुठेतरी निघून गेली' असे. आठ-पंधरा दिवसांनी एखाद्या विहिरीत, खाडीच्या कडेला किंवा रेल्वेरुळांलगत एक देह सापडतो. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते. वृत्तपत्रात चार ओळी छापून येतात आणि त्यांत 'मृत्यूचे कारण समजू शकले नाही' हे वाक्य हमखास असते. कारण खरोखरच समजू शकले नाही, की ते समजून घेण्याची कोणाला निकड वाटली नाही, हा या विवेचनाचा विषय आहे.

महाराष्ट्राच्या न्यायालयीन इतिहासात लागू खटला म्हणून एक प्रकरण प्रसिद्ध आहे. नोव्हेंबर १९५६ मध्ये पुण्यातील एक मधुमेही विधवा आपल्या डॉक्टरबरोबर, उपचारासाठी म्हणून, रात्रीच्या पॅसेंजर गाडीने मुंबईस निघाली. हा डॉक्टर तिच्याच घरात बिऱ्हाड करून राहत होता. पहाटे गाडी बोरीबंदरला पोहोचली तेव्हा ती बाई बेशुद्ध होती. गोकुळदास तेजपाल रुग्णालयात तिला दाखल करण्यात आले ते दुसऱ्याच नावाने. दुपारपूर्वी ती मरण पावली. देह ताब्यात घेण्यास कोणी आले नाही. बेवारस म्हणून तो वैद्यकीय महाविद्यालयाकडे जाऊ लागला आणि गळ्यावरच्या एका खुणेमुळे शंका आली म्हणूनच शवचिकित्सा झाली. विष मात्र सापडले नाही.

इकडे पुण्यात तिच्या नावाची पत्रे येत होती. तिने पुनर्विवाह केला असून ती जयपूरजवळच्या एका गावी स्थायिक झाली आहे, असा त्यांचा मजकूर. पत्रे बनावट होती आणि दरम्यान तिची मालमत्ता डॉक्टरच्या हाती जात होती. नातलगांना शंका आली, तक्रारी झाल्या, तरी अटक होईपर्यंत वर्षाहून अधिक काळ लोटला. डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने, केवळ परिस्थितिजन्य पुराव्यावर, त्याची शिक्षा कायम केली. न्या. हिदायतुल्ला यांनी लिहिलेला तो निवाडा कायद्याचे विद्यार्थी विषप्रयोगाच्या पुराव्यासंबंधी आजही वाचतात.

सामाजिक दृष्टीने त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची आहे. बनावट पत्रे लिहिणाऱ्याने नेमकी पुनर्विवाहाची कथा का रचली? कारण त्याला आपला समाज ठाऊक होता. विधवेने दुसरे लग्न केले आणि ती दूर निघून गेली, हे ऐकल्यावर नातलग लाजेने गप्प बसतील, फार खोलात जाणार नाहीत, असा त्याचा हिशेब होता. काही काळ तरी तो बरोबर ठरला. बेपत्ता स्त्रीच्या बाबतीत 'कोणाबरोबर तरी गेली असेल' हे वाक्य आजही तेच काम करते. ते उच्चारले की तपास अर्धा संपतो.

दुसरे प्रकरणही पुण्याचेच. फेब्रुवारी १९८२ मध्ये विवाह आणि जून १९८२ मध्ये मृत्यू, असा अवघ्या चार महिन्यांचा संसार. मृत्यू पोटॅशियम सायनाइडने झाला होता. ही मुलगी बेपत्ता नव्हती, सासरच्या घरातच होती. माहेरी आली असता तिने आपले दुःख सांगितले होते. बहिणीला व मैत्रिणीला पत्रेही लिहिली होती, आणि ती पत्रे खरी होती. सत्र न्यायालयाने व उच्च न्यायालयाने पतीस दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९८४ मध्ये त्याची निर्दोष मुक्तता केली. मृत्यूपूर्वीच्या काळात लिहिलेली अशी पत्रे पुरावा म्हणून ग्राह्य ठरू शकतात, असे न्या. फझल अली यांनी म्हटले. तथापि त्याच पत्रांतील वैफल्यावरून आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही, असाही निष्कर्ष निघाला. परिस्थितिजन्य पुराव्याची जी पाच सूत्रे या निवाड्यात सांगितली गेली, ती पुराव्याचे पंचशील म्हणून देशभरच्या न्यायालयांत तेव्हापासून उद्धृत होत आली आहेत.

या निकालाने पुण्यातील स्त्रिया संतप्त झाल्या. त्या संतापाचा आदर करूनही एक गोष्ट स्पष्टपणे म्हटली पाहिजे. संशयावर फाशी देऊ नये हे तत्त्व समाजवाद्यांनी सोडता कामा नये. आज ते एका सुखवस्तू घरातील आरोपीच्या उपयोगी पडले, उद्या ते गिरणीकामगाराच्या आणि पारध्याच्या उपयोगी पडायचे आहे. (प्रत्यक्षात पारध्यापर्यंत ते क्वचितच पोहोचते, ही गोष्ट वेगळी.) निकालाची चर्चा करताना खरा प्रश्न निसटू नये. मृत्यू खून होता की आत्महत्या, याविषयी न्यायालयाला संशय राहिला. परंतु ती मुलगी त्या घरात सुखी नव्हती, याविषयी संशय कोणाला होता? माहेरी ठाऊक होते, बहिणीला ठाऊक होते, मैत्रिणीला ठाऊक होते. आणि ती परत गेली, कारण लग्न होऊन चार महिने झालेल्या मुलीने परत जायचे असते हेही सर्वांना ठाऊक होते. नारी समता मंचाने पुढे तिच्या नावाने प्रदर्शन मांडले, 'बोलते व्हा' नावाचे केंद्र चालवले. त्या नावातच रोगाचे अचूक निदान आहे.

पहिल्या खटल्यात खोट्या पत्रांवर काही काळ विश्वास बसला. दुसऱ्यात खऱ्या पत्रांचा उपयोग ती लिहिणारी गेल्यावरच झाला. स्त्रीचा शब्द तिच्या हयातीत साक्ष म्हणून धरला जात नाही, या एकाच गोष्टीचे हे दोन पुरावे आहेत.

हा केवळ दोन घरांचा प्रश्न नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९ टक्क्यांहून अधिक जणींनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेली आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २५ टक्के, म्हणजे फुले-आगरकरांच्या प्रांतात चार घरांमागे एक घर. त्याच पाहणीचा दुसरा आकडा अधिक बोलका आहे. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के जणींनी मदत मागितली नाही आणि कोणाला सांगितलेही नाही. मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के. आणि २०२२ या एका वर्षात हुंडाबळीची ६,४५० प्रकरणे देशात नोंदली गेली. हे फक्त नोंदलेले. विहिरीत सापडलेल्या आणि 'पाय घसरून पडली' अशी नोंद झालेल्या बाईची गणती या आकड्यात नाही.

ती बोलत का नाही, असे विचारण्याची रीत आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न असा मांडावा लागेल की बोलल्यावर ती कोठे जाणार? २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणारी स्त्री दिवसाकाठी २९९ मिनिटे विनामोबदला घरकाम करते असे आढळले, तर घरकामास हात लावणारा पुरुष ९७ मिनिटे. रोज पाच तास श्रम करून तिच्या नावावर एक पैसा जमा होत नाही. ज्या छपराखाली ती मार खाते त्याखेरीज दुसरे छप्पर तिला नसते. माहेरचे घर भावाचे असते. बीना अग्रवाल व प्रदीप पांडा यांनी केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, तो या संदर्भात प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावा. ज्या स्त्रियांच्या नावावर जमीनही नव्हती आणि घरही नव्हते त्यांच्यापैकी ४९ टक्के स्त्रियांना शारीरिक हिंसा सोसावी लागली होती. जमीन असणाऱ्यांत हे प्रमाण १८ टक्के, घर असणाऱ्यांत १० टक्के आणि दोन्ही असणाऱ्यांत ७ टक्के होते. शिक्षण, उपदेश, संस्कार यांपैकी कशाचाही एवढा परिणाम सहसा दिसत नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध वाटा दिला, केंद्राने २००५ मध्ये. परंतु तलाठ्यापुढे बहिणीने हक्कसोडपत्रावर अंगठा उमटवायचा आणि भावाने तिला साडी-चोळी करायची, हा व्यवहार गावोगाव चालू आहे. तो चळवळीतल्या घरांतही चालू आहे. त्या साडीची किंमत पुढे कधीतरी वसूल होते.

मालमत्ता असली की भागले, असेही कोणी समजू नये. लागू खटल्यातील बाईकडे मालमत्ता होती, आणि तीच तिच्या जिवावर उठली. ती एकटी होती.

कायद्याच्या बाजूने फारसे कमी नाही. विवाहितेच्या छळाचे कलम १९८३ मध्ये आले, हुंडाबळीचे १९८६ मध्ये, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ चा. जुलै २०२४ पासून न्यायसंहिता बदलल्या. कलमांचे क्रमांक बदलले, आशय बहुतांशी तोच राहिला. महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सासरच्यांनी मृत्यू सर्पदंशाने झाल्याचे सांगितले होते आणि शवचिकित्सेत गळा दाबल्याचे निघाले. त्यावर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की घराच्या चार भिंतींआड गुन्हा घडला असेल तर काय घडले याचे पटण्याजोगे स्पष्टीकरण देण्याची जबाबदारी घरातल्यांवरही येते. हे तत्त्व फार मोलाचे आहे. पण ते न्यायालयात लागू होते, पंचनामा करणाऱ्या हवालदाराच्या वहीत नव्हे.

कायद्याला सात हा आकडा मोठा प्रिय. विवाहानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीचा संशयास्पद मृत्यू झाला तर विशेष चौकशी व्हावी असे तो सांगतो, आणि माणूस सात वर्षे कोणाच्या ऐकिवात नसेल तर त्याला मृत मानण्याची मुभाही देतो. पहिल्या सातनंतर आठव्या वर्षी मेलेल्या स्त्रीचे काय? तिच्या वेळी चौकशीचा भर नातलगांच्या आग्रहावर आणि अधिकाऱ्याच्या मर्जीवर पडतो. दुसऱ्या सात वर्षांत पुरावा, साक्षीदार आणि आस्था तिन्ही विरून जातात. म्हणून पहिल्या सात दिवसांतच काय ते केले पाहिजे. हरवल्याची तक्रार सासरची नसेल तर तीच बाब संशयास्पद धरावी. बाई कोणाला शेवटची दिसली, तिचे दागिने, बँकेचे पुस्तक, फोन कोणाकडे आहे, पूर्वी दवाखान्यात कोणत्या जखमा दाखवल्या होत्या, हे लगेच लेखी घेण्याचा आग्रह धरावा.

येथे एका धोक्याचा उल्लेख आवश्यक आहे. सज्ञान स्त्रीला घर सोडून जाण्याचा पूर्ण अधिकार आहे. शोध घ्यायचा तो ती सुखरूप आहे ना, एवढ्यासाठी. तिला सासरी आणून सोडण्यासाठी शोध घेणारे कार्यकर्तेही पाहण्यात येतात. समेट घडवल्याचा त्यांना अभिमान असतो. समेटानंतर सहा महिन्यांनी त्या घरी पुन्हा गेलेला कार्यकर्ता मात्र विरळा.

आणखी एक बारीकशी वाटणारी बाब. अकस्मात मृत्यूच्या चौकशीसाठी परिसरातील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलवावेत अशी कायद्यात तरतूद आहे. प्रत्यक्षात हे प्रतिष्ठित बहुधा सासऱ्यांच्या ओसरीवर चहा घेणारेच असतात. देहावरच्या खुणा पाहून काय लिहायचे आणि काय नाही, हे त्यांच्या उपस्थितीत ठरते. पक्षाचे कार्यकर्ते पंच होण्याचे टाळतात, कारण पुढे वर्षानुवर्षे न्यायालयाच्या फेऱ्या माराव्या लागतात, रोजगार बुडतो. तो बुडतो हे खरेच आहे. प्रत्येक तालुका शाखेने निदान चार माणसांची, त्यांत दोन स्त्रियांची, नावे ठाणे अंमलदाराकडे लेखी देऊन ठेवावीत आणि त्यांच्या बुडालेल्या रोजाची भरपाई शाखेच्या निधीतून करावी. पुढच्या जिल्हा बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय घेता येईल.