दोष डिस्कचा की वाटेचा?



फोटो अर्धाच दिसतो, खाली करडा पट्टा. झिप फाइल उघडताना एरर येते. कालपर्यंत चाललेली हिशेबाची फाइल आज उघडत नाही. दुरुस्तीवाला सांगतो, "डिस्क गेली." आपण नवी घेतो आणि थोड्याच दिवसांत तिच्यावरही तेच सुरू होतं. कारण डिस्क आणि मेमरी यांच्यामध्ये कंट्रोलर असतो, त्याला चालवणारा ड्रायव्हर असतो. माहिती या वाटेतही बिघडू शकते.

२००१ साली व्हिया कंपनीच्या ६८६बी चिपच्या काही मदरबोर्डांवर एका डिस्कवरून दुसरीवर मोठ्या फाइली उतरवताना त्या बिघडत. साउंड ब्लास्टर लाइव्ह कार्ड असेल तर हा त्रास विशेष दिसे. डिस्क धडधाकट होत्या. बायॉस बदलल्यावर बहुतेकांचं काम भागलं. २०११च्या जानेवारीत इंटेलने आपल्या ६ मालिकेच्या चिपसेटमधला दोष जाहीर केला: डिस्क जोडायची साटाची काही पोर्ट काळाच्या ओघात क्षीण होणार होती. तिथे सॉफ्टवेअरने भागणारं नव्हतं, मदरबोर्डच बदलावे लागले.

तेव्हा शंका आली की आधी त्या डिस्कवर लिहिणं थांबवा. विंडोजचं डिस्क तपासणारं चेकडिस्क तर चालवूच नका. वाट खराब असेल तर ते चुकीचं वाचेल आणि त्याच आधारावर "दुरुस्ती" करून बसेल. मला तर मूळ बिघाडापेक्षा याचीच जास्त धास्ती वाटते. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावा आणि महत्त्वाचं ते उतरवून घ्या.

मग मूळ संगणकावर, बिनमहत्त्वाची डिस्क लावून, परीक्षा घ्या. दोन-चार जीबीची फाइल कॉपी करा, संगणक पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा आणि मूळ फाइल व कॉपी दोन्हींचा एसएचए-२५६ हा मजकुरावरून निघणारा आकडा काढा. विंडोजमध्ये सर्टयुटिल हे काम करतं. बंद करणं टाळू नका, नाहीतर संगणक फाइल मेमरीतूनच वाचून दाखवतो आणि सगळं आलबेल भासतं. एकाच फाइलचा आकडा दर खेपेला वेगळा आला, तर वाचतानाच गडबड होते आहे. कॉपीचा आकडा तोच राहतो पण मूळ फाइलशी जुळत नाही, तर घोळ कॉपी होतानाच झाला.

रॅमही असंच सोंग आणते, म्हणून मेमटेस्ट रात्रभर चालू द्या. डिस्कच्या स्मार्ट अहवालातला १९९ क्रमांकाचा, म्हणजे वाटेतल्या चुकांचा, आकडा वाढत असेल, तर आधी केबल बदला, ती सगळ्यात स्वस्त. त्यानंतर पोर्ट, ड्रायव्हर, बायॉस. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर बदलानंतर तीच परीक्षा पुन्हा घ्या.

आणि हे सगळं निस्तरेपर्यंत बॅकअपची डिस्क त्या संगणकाला लावू नका. बिघडलेल्या फाइली चांगल्या फाइलींवर जाऊन बसतील.