जुन्या गाडीचे रबर

मुलांनो, गेल्या पावसाळ्यात चिरनेरच्या डोंगरातल्या कातकरी वाडीवरून तापाने फणफणलेले लेकरू उरणला आणताना आपली आरएक्स १०० चढावर बंद पडली. टाकीत पेट्रोल होते, प्लगही ठीक होता. दोष निघाला कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरात. हे मॉडेल १९९६ साली बंद झाले. ते रबर तुमच्याहून वयाने मोठे!

उष्णतेने रबर कडक होते, मग चिरते. चिरेतून जादा हवा शिरते, पेट्रोल कमी पडते, इंजिन तापते. टू-स्ट्रोक तर जामही होते. इंजिन चालू ठेवून रबरावर साबणाचे पाणी शिंपडा. आवाज बदलला, तर हवा शिरते आहे.

रबर नुसते कडक असेल तर काढून गरम पाण्यात ठेवा, पुसून मऊ असतानाच बसवा. पण हा मऊपणा थोड्या वेळाचाच. चीर दिसली, तर नवेच घाला. क्लॅम्प बेताने आवळा.

त्या रात्री लेकराला आम्ही खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत चालत आलो. ते वाचले. यापुढे मृगाआधी रबर तपासायचे काम तुमचे.