विलायतेची परीक्षा, तयारी येथली



आपल्या कोकणातील काही मुली लग्न होऊन विलायतेला जातात. ब्रिटनचे नागरिकत्व घेण्यासाठी २००५ पासून तेथे १८ ते ६४ वयाच्या अर्जदारांना सामान्यतः एक परीक्षा द्यावी लागते. ४५ मिनिटांत २४ प्रश्न. त्यांपैकी १८ उत्तरे बरोबर हवीत. इतिहास, कायदे, चालीरीती असे विषय. पुस्तक सरकारने नेमून दिलेले. मग घोकंपट्टीने भागेल काय? नाही. इंग्रजी प्रश्न वाचून त्याचा अर्थ लावता आला पाहिजे. नवरा घरी उजळणी घेईल. परीक्षेत मात्र तिचे तिलाच वाचावे लागेल. म्हणून पालकहो, पासपोर्टाची घाई खुशाल करा. पण मुलीची शाळा अर्ध्यावर सोडवू नका. रोज एक पान समजून वाचण्याची सवय, हीच खरी पूर्वतयारी होय.