एक गोदी, अनेक गलबते

मद्रासच्या किनाऱ्याला निसर्गाने बंदर दिले नव्हते. जहाजे दूर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहत आणि काथ्याने शिवलेल्या फळ्यांच्या मसुला नावा माणसे व माल लाटांतून किनाऱ्याला आणीत. पुढे दगडी बांध घालून बंदर उभारले गेले. १८८१ च्या वादळाने त्याची दाणादाण केली आणि ते पुन्हा बांधावे लागले. कोणत्याही घडणीचे जहाज सुखाने लागेल अशी जागा करणे किती कष्टाचे असते, हे या शहराने अनुभवले आहे.

त्याच चेन्नईत आज, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरील संगणक कंपन्यांत नोकरी करणाऱ्या एखाद्या मराठी जोडप्याच्या घरी, निराळ्याच गोदीचा प्रश्न उभा राहतो. त्याचा लॅपटॉप एका बनावटीचा, तिचा दुसऱ्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा तिसऱ्या. टेबल मात्र एकच. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, इंटरनेटची तार हे सारे एका पेटीला कायमचे जोडून ठेवावे आणि त्या पेटीची एकच तार ज्याने त्याने आपल्या लॅपटॉपला लावावी, ही डॉकिंग स्टेशनची कल्पना. डॉक म्हणजे गोदीच. नाव अन्वर्थक आहे. परंतु किंमत काही हजारांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत जाते, आणि निवड चुकली तर ती पेटी तिघांपैकी एकाच्याच कामाची ठरते.

पूर्वी ही अडचण निदान उघड दिसे. १९९२ साली ॲपलने काढलेला ड्युओ डॉक आपल्या जातीचा लॅपटॉप अख्खाच्या अख्खा पोटात घेई. परक्याला तेथे प्रवेशच नसे. फसगतीला वाव नव्हता. २०१४ मध्ये यूएसबी-सी हे उलटसुलट कसेही बसणारे टोक आले आणि हळूहळू सर्वांची मुखे सारखी झाली. मुखे सारखी झाली, सामर्थ्य नव्हे. एका लॅपटॉपच्या मुखातून केवळ माहिती जाते-येते, दुसऱ्याच्या मुखातून चित्र आणि वीजही. वरून पाहणाऱ्याला भेद कळत नाही.

यास्तव निवडीचा आरंभ दुकानातल्या पेटीपासून नव्हे, तर घरातल्या सर्वांत दुबळ्या लॅपटॉपपासून करावा. त्याच्या माहितीपत्रकात ‘डिस्प्लेपोर्ट’ आणि ‘पॉवर डिलिव्हरी’ हे शब्द आहेत काय, ते आधी पाहावे. चित्र नेण्याची सोयच नसेल, किंवा लॅपटॉप जुन्या चपट्या यूएसबीचा असेल, तर डिस्प्लेलिंक पद्धतीची पेटी घ्यावी लागते. ती चित्राला माहितीच्याच वाटेने नेते; मात्र तिचा ड्रायव्हर लॅपटॉपवर बसवावा लागतो, आणि कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर तशी मुभा बहुधा नसते. हे पैसे मोजण्यापूर्वी कचेरीत विचारून घ्यावे. मॅकबुकची तऱ्हा आणखी वेगळी. २०२० सालची एम१ मॅकबुक एअर बाहेरचा एकच मॉनिटर चालवते. दोन मॉनिटरांची पेटी घेतली तरी, डिस्प्लेलिंकवाचून, दुसऱ्यावर वेगळे चित्र येत नाही.

विजेचा हिशेबही नीट पाहिला पाहिजे. शंभर वॅटच्या ॲडॉप्टरमधील काही वीज पेटी स्वतःसाठी राखते. लॅपटॉपपर्यंत किती पोचते तो आकडा बहुधा बारीक अक्षरांत असतो. साठ वॅटच्या वर वीज न्यायची तर तारेतही तिची क्षमता सांगणारी चिप लागते, म्हणून मूळची तार हरवल्यास हाताला येईल ती लावू नये. थंडरबोल्ट ४ ची पेटी साध्या यूएसबी-सी लॅपटॉपांशीही बहुधा जुळवून घेते. थंडरबोल्ट ३ च्या पुष्कळ पेट्या त्यांना ओळखतही नाहीत. स्वस्तात वापरलेली पेटी घेणारे नेमके येथे अडकतात.

अण्णा सालईलगतच्या रिची स्ट्रीटवर खरेदी करायची तर तिन्ही लॅपटॉप पिशवीत घालून न्यावेत. मॉनिटर उजळला एवढ्याने समाधान मानू नये. लॅपटॉप झोपवून पुन्हा जागा करावा, तार काढून दुसऱ्याला लावावी आणि मॉनिटर परत येतो की नाही ते पाहावे. पुष्कळ पेट्यांचे दोष तेथेच उघडे पडतात. दुकानदाराची हरकत नसेल तर अर्धा तास सारे चालू ठेवून पेटीला हात लावावा. दुकानातल्या पंख्याखाली ती चटका देत असेल, तर मे महिन्यात घरच्या टेबलावर, कागदांच्या ढिगाऱ्यात, तिची काय अवस्था होईल याचा अंदाज तेथेच येतो.